रिकाम्या घरांचे दिवे

दिवे तुम्ही लावलेत. ते विझवायची चावीही तुमच्याकडेच आहे. आत कोण पडलंय हे बघायची जबाबदारी मात्र, तुमच्या म्हणण्याप्रमाणे, कोणाचीच नाही. तुमच्या इमारतीवर कुठली पाटी आहे ते इथं लिहीत नाही. पाट्या बदलतात, कारभार बदलत नाही. घरं सुरक्षित करतो, असं तुम्ही लोकांना सांगितलंत आणि केलीतही. इतकी सुरक्षित केलीत की आतल्या माणसाची हाक बाहेर येईना. त्या गुरुवारी काय घडलं ते तुम्हाला रीतसर कळवलं होतं. पोच मिळाली, ठरावीक वाक्यं मिळाली, उत्तर नाही. म्हणून पुन्हा एकदा, पहिल्यापासून.

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास तनुजा बेडगे पुण्याबाहेरच्या टेकडीवरच्या प्रकाश-प्रयोगशाळेत एका पाहुणीला दिवा समजावून सांगत होती. दिवा तिनंच घडवला होता. सहा वर्षं लागली होती. पाहुणी म्हणजे डॉ. शकुंतला होनमाने. वय सत्तरीला टेकलेलं, अंगावर चुरगळलेली सुती साडी आणि अभ्यासाचा विषय घरफोडी. तुरुंगात जाऊन त्या एकशे दहा घरफोड्यांशी बोलल्या होत्या आणि ही गोष्ट त्या लोकांना पहिल्या भेटीतच सांगत.

टेबलावर वाटीएवढा पांढरा दिवा होता. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. लोक त्याला ‘शहाणा दिवा’ म्हणत.

“अंगणात कोणी आलं की पेटतो, तसलाच ना हा?” होनमान्यांनी विचारलं. “माझ्या जावयाकडं आहेत तसले. मांजर आलं की लख्ख. चोर आला तरी लख्ख. आता कोणी उठून बघत पण नाही.”

“उजेडाला चोर भीत नाही, हे तुम्हीच लिहिलंय.”

“मी नाही, त्यांनी सांगितलंय. कुलूप बघत नाही म्हणाले, कुत्रं बघत नाही. तीन संध्याकाळी घर बघायचं. कुठला दिवा आधी लागतो, कुठला विसरतो, कोण येऊन विझवतं. रोज सातच्या ठोक्याला एकच दिवा लागला, की मालक गावाला आणि घड्याळ ड्युटीवर. मग निवांत जायचं.”

“म्हणूनच आमचा दिवा घड्याळावर चालत नाही.” तनुजानं दिव्याचं झाकण फिरवून काढलं. “हा आतला तुकडा म्हणजे वावरवेधी. कॅमेरा नाही, आवाज टिपायचं काही नाही. नुसत्या रेडिओलहरी सोडतो. त्या परत येतात त्यावरून घरात नि अंगणात कुठं हालचाल आहे एवढं कळतं. महिनाभर तो घर शिकतो. कोण किती वाजता मागच्या दारी जातं, कोण दिवा विसरतं, कोण पुटपुटत परत येऊन बंद करतं…”

“पुटपुटणं पण कळतं?”

“ते मी माझ्याकडचं घातलं.” तनुजा हसली. “मग माणसं गावाला गेली की घरातले, बाहेरचे सगळे दिवे हा त्या माणसांसारखे लावतो. उशीर करतो. विसरतो. याला आम्ही वावर-आभास म्हणतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला घर कधीच रिकामं दिसत नाही.”

“आणि माणसं गेली हे त्याला कोण सांगतं?”

“बहुतेक लोक जाताना फोनवरून कळवतात. नाही कळवलं तर तो स्वतः ठरवतो. दिवेलागणीच्या आधी सलग आठ तास वावर दिसला नाही, की घर रिकामं.”

“दारातून बाहेर पडताना दिसायला नको?”

“आधी तसा नियम होता, काढला. लोक मागच्या दारानं जातात, झाकलेल्या पार्किंगमधनं गाडीत बसून जातात. बाहेर पडल्याची खात्री कधीच होत नव्हती. वावर नसणं हा एकच भरवशाचा पुरावा.”

होनमान्यांनी दिवा हातात घेऊन उलटसुलट केला. “म्हणजे तुम्ही वावर मोजता. माणूस मोजत नाही.”

“माणूस असला की वावर असणारच की, मॅडम.”

“घरातल्या कोपऱ्या-कोपऱ्यात बघतो हा?”

“न्हाणीघर आणि संडास सोडून. हे दिवे घरोघर लावणाऱ्या प्राधिकरणाची अट होती, खासगीपणाची. तिथं तो आंधळा आहे.” हे तिनं अभिमानानं सांगितलं. या अटीसाठी ती स्वतः भांडली होती.

“बरं,” होनमाने म्हणाल्या. “आता एखादं घर दाखवा. नाव नको.”

“नाव मलाही दिसत नाही. कुठलं घर रिकामं आहे ही यादी फुटली तर चोरांना आयता नकाशाच मिळाला. म्हणून ती कुलूपबंद असते, चावी फक्त प्राधिकरणाकडं. मला गाव दिसतं, एकूण आकडे दिसतात आणि बिननावाचे नमुने.”

सध्या सगळ्यात हुबेहूब आभास कुठला चाललाय तो दाखव, असं तिनं यंत्राला सांगितलं. पडद्यावर गाव उमटलं: मिरज. आभास सुरू होऊन तीन संध्याकाळी झाल्या होत्या. खाली रेघा होत्या, एकेका दिव्याची एकेक. आधी मागच्या अंगणातला दिवा लागत होता, मग स्वयंपाकघरातला, मग पायरीवरचा आणि शेवटी फाटकावरचा. मागून पुढं.

“हे काय?” होनमान्यांनी बोट ठेवलं. सात वाजून गेल्यावर फाटकाचा दिवा दोनदा विझून पेटला होता. तिन्ही दिवशी. “बिघडलाय की काय तुमचा शहाणा?”

तनुजानं ती जागा मोठी करून बघितली. “बिघडला नाही, उत्तर दिलंय त्यानं. अंधार पडला हे कळायला दिव्यात प्रकाशवेधी असतो ना, त्याला समोरच्या घरातला दिवा मिचकावलेला दिसलाय, दोनदा. इथलं माणूस रोज असंच उत्तर देत असणार. आभास तेही शिकला.”

होनमान्यांनी चक्क टाळी वाजवली. “माझे एकशे दहाच्या एकशे दहा फसले असते हो!”

तनुजाही हसत होती. मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे पडद्यावर थिजले. मागून पुढं दिवे लावत फाटकावर थांबणारं आणि समोरच्याला दोनदा मिचकावणारं एकच घर तिला माहीत होतं. त्या घरातून कोणीही गावाला गेलेलं नव्हतं.

तिथं रत्नमाला कोष्टी राहायच्या. तनुजाची मावशी, आई गेल्यावर तनुजाला तिनंच वाढवलं. वय चौऱ्याहत्तर, मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त, राहणं परिचारिका वसाहतीत एकटीचं. दुसऱ्यानं घासलेलं भांडं पटत नाही म्हणून मोलकरीण नाही. दूध स्वतः जाऊन आणायचं. संध्याकाळी दिवे लावायचे तेही वॉर्डातल्या फेरीसारखे, शेवटच्या खाटेपासून दाराकडं. समोर दस्तगीर सतारमेकर राहत. साठ वर्षं सतारी घडवून आता त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. दिवसभर कारखान्यात असत, सहाला घरी. त्यामुळं दोघांत एक ठरलं होतं. सातनंतर चाचा फाटकाचा दिवा दोनदा मिचकावणार: सिस्टर, ठीक ना? मावशी दोनदा मिचकावणार: ठीक. सात वर्षं हा एवढाच संवाद चालला होता आणि दोघांच्या मते तो पुरेसा होता.

तनुजानं मावशीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चाचांना फोन ऐकू येत नसे, म्हणून त्यांना लिहिलं: “मावशी कुठं आहे?”

दोन मिनिटांनी उत्तर आलं: “घरीच की. काल दिवा दिला. लगेच उत्तर दिलं सिस्टरनी.”

“दिसली का? स्वतः?”

या वेळी उत्तराला वेळ लागला. “दिसली नाही. रविवारपासून. पण दिवा तर रोज देते बेटा.”

“चाचा, तो दिवा मावशी देत नाही. घरी जा. दार तोडा.”

“दार कशाला? सातला दिवा देतो, बघतो.”

तनुजानं होनमान्यांसमोरच टेबलावर मूठ आपटली आणि लिहिलं: “दिव्यावर जाऊ नका. तुमच्या हातानं दार तोडा. आत्ता.”

चाचा कारखान्यातून हातातली लाकूड तासायची पटाशी घेऊनच निघाले. सव्वातीनला त्यांनी मागच्या दाराची कडी उचकटली. रत्नमाला न्हाणीघरात पडलेल्या होत्या, एक पाय विचित्र वळलेला, तोंडात भिजलेला पदर. सोमवारी सकाळी साडेसहाला पडल्या होत्या. ऐंशी तास झाले होते.

जिवंत होत्या.

शुक्रवारी सकाळी तनुजा इस्पितळात पोचली तेव्हा मावशी सलाईनची गती स्वतःच बोटानं कमी-जास्त करत होती.

“हात लावू नको गं त्याला.”

“तू मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं दुसऱ्यांना लावलीयत ही.” आवाज अगदी खोल गेला होता. “खुब्याचं हाड गेलंय. बाकी ठीक.”

“पाणी?”

“बादलीत होतं. पदर बुडवून चोखत होते. दार ओढलेलं, उठता येत नाही. दस्तगीरभाईंना हाका मारून उपयोग नाही, ते मला ठाऊकच होतं, तरी मारल्या. फोन स्वयंपाकघरात. रोज संध्याकाळी टिंग वाजायचा. तुझ्या दिव्याचाच ना तो आवाज?”

तनुजानं मान हलवली.

“काय म्हणत होता?”

सांगणं भाग होतं. “‘घर रिकामं आहे असं समजून आभास सुरू केला आहे. तसं नसल्यास पडद्यावर बोट ठेवा.’”

मावशी हसायला गेली आणि कळवळली. “बोट ठेवा म्हणे. अगं, दहाच्या दहा होती माझ्याकडं.”

मग ती छताकडं बघत बोलू लागली. “झरोक्यातून उजेड दिसायचा. सोमवारी मागचा दिवा लागला तेव्हा वाटलं, कोणीतरी आलं. ओरडले. मग स्वयंपाकघरातला लागला. मग पायरीचा. माझ्याच क्रमानं, माझ्यासारखाच थांबत थांबत. तेव्हा लक्षात आलं की कोणी आलेलं नाही. मीच आलेय. मी इथं आत पडलेय आणि मीच बाहेर दिवे लावत फिरतेय. मग फाटकाचा मिचकावला. दोनदा. मी त्यांना सांगितलं, मी ठीक आहे म्हणून.” तिनं छतावरची नजर काढून तनुजाकडं बघितलं. “तनू, मला पाण्याची भीती नव्हती वाटत गं. सात वाजायची वाटायची.”

माणूस असला की वावर असणारच, हे तनुजाचं कालचं वाक्य होतं. म्हातारी माणसं पडतात कुठं? स्वयंपाकघरात क्वचित, जिन्यावर कधीमधी. पडतात ती न्हाणीत. आणि नेमकी तीच जागा तिनं भांडून वगळली होती. पडलेला माणूस हलत नाही; हलत नाही म्हणून तो घरात नाही; घरात नाही म्हणून दिवे त्याची बतावणी करतात; बतावणी चोख म्हणून कोणी बघायला येत नाही. यात कुठंही बिघाड नव्हता. दिवा शंभर टक्के बरोबर चालला होता.

चाचा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ऐकू येत नव्हतं, पण बोलणं कशाबद्दल चाललंय ते तोंडं बघून कळत होतं. “मी आंधळा नाही, बहिरा आहे,” ते एकदम मोठ्यानं म्हणाले. “तरी तीन दिवस फसलो. फाटकापर्यंत वीस पावलं होती.”

“तुम्ही गप्प बसा हो,” मावशी म्हणाली आणि त्यांना कळावं म्हणून ओठांवर बोट ठेवलं. मग तनुजाकडं वळली. “वॉर्डात एक पेशंट खाटेखाली सापडला तर मेट्रननं काय करायचं?”

“काय?”

“बाकीच्या खाटांखाली वाकून बघायचं. तू वाकलीस का?”

तनुजानं तिथंच इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून आकडे काढले. मिरजेत शहाणे दिवे लावलेली घरं नऊ हजारांवर. त्यातली बाराशे सत्तर आभासावर. बाराशे अठ्ठावीस घरांच्या मालकांनी स्वतः कळवलं होतं, गावाला जातोय म्हणून. राहिली बेचाळीस. ती रिकामी आहेत असं दिव्यानं आपल्या मनानं ठरवलं होतं. त्यातलं एक मावशीचं. मावशी आता इस्पितळात असल्यानं ते खरोखरच रिकामं होतं. उरली एक्केचाळीस. बहुतेकांतली माणसं कळवायचं विसरून लग्नाला, लेकीकडं, देवाला गेली असतील.

बहुतेकांतली.

पत्ते दिसत नव्हते. कुलूप तिचंच होतं, कोणालाही उघडता येऊ नये असं तिनं जीव ओतून बांधलेलं, आणि ते तिलाही उघडेना. पोलिसांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्राधिकरणाकडं बोट दाखवलं. मग तिनं तुम्हाला लिहिलं: एक्केचाळीस पत्ते द्या, आजच.

उत्तर त्याच संध्याकाळी सहा एक्कावन्नला आलं: “घर रिकामे असल्याची माहिती कोणत्याही व्यक्तीस देता येत नाही. आपले घर सुरक्षित आहे.”

तिनं लिहिलं, मग पत्ते नका देऊ. फक्त दहा मिनिटं गावातला आभास बंद करा. जी घरं अंधारात जातील तिथं आम्ही जाऊन बघतो.

शनिवारी सहा अठ्ठावन्नला उत्तर: “तसे केल्यास बाराशे सत्तर रिकामी घरे एकाच वेळी उघडी पडतील. आपले घर सुरक्षित आहे.”

यात चूक काढता येत नाही, हेच भयंकर होतं. दहा मिनिटांच्या अंधाराची बातमी फुटायला दोन मिनिटं पुरतात.

राहिला एकच मार्ग, सगळ्यात जुना. दार ठोठावायचं. शनिवारपासूनच परिचारिका वसाहतीतल्या सोळा निवृत्त नर्सा गल्ल्या वाटून घेऊन निघाल्या. पायात कॅनव्हासचे बूट, हातात वह्या. मावशी खाटेवरून फोनवर त्यांना झापत होती: “बेल वाजवून पुढं जाऊ नका. माणूस बघा. दिवा लागलाय म्हणून पुढच्या घरी गेलात तर माझ्याशी गाठ आहे.” चाचा पिशवीत पटाशी घेऊन त्यांच्याबरोबर.

लोक वैतागले. “अहो, आहोत की जिवंत!” असं म्हणून एकानं दार आपटलं. एका आजोबांनी सगळ्यांना बसवून सरबत दिलं आणि तासभर सोडलं नाही.

रविवारी दुपारी रेल्वेमार्गापलीकडच्या एका बैठ्या घरासमोर नर्सा थांबल्या. तो वास त्यांना ओळखीचा होता. शेजाऱ्यांना वाटत होतं, गटार तुंबलंय. चाचांनी कडी उचकटली. निवृत्त तिकीट तपासनीस, एकटे राहणारे. न्हाणीत. त्यांच्यापर्यंत पोचायला उशीर झाला होता, अकरा दिवसांचा.

“पण दिवा?” शेजारीण सारखी एवढंच म्हणत होती. “व्हरांड्यातला दिवा रोज नऊला विझायचा हो. पेपर वाचून झाला की विझवायचे ते. कालपण विझवला.”

आता राहिली चाळीस.

त्याच संध्याकाळी मिरजेतल्या प्रत्येक फोनवर तुमचा आदेश वाजला: अनोळखी व्यक्तींनी घरोघर फिरून घर रिकामे आहे का याची खातरजमा करणे ही घरफोडीची पूर्वतयारी समजली जाईल. नागरिकांनी दार उघडू नये.

पुन्हा तेच. कागदावर बरोबर. घर रिकामं आहे का हे चोर बघतो, आणि नर्सही तेच बघत होती. दोघांतला फरक कळायला वावर नव्हे, माणूस ओळखावा लागतो.

सोमवारी एकही दार उघडलं नाही. चाचांना दुपारभर चौकीत बसवलं. “म्हणाले, पटाशी कशाला? म्हटलं, सतारीची आहे. तर विचारतात, सतार कुठाय?” त्यांनी तनुजाला लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती: “सिस्टरच्या घरानं आज पण मला उत्तर दिलं. मी दिवा देणं बंद केलंय. तरी दिलं.”

तनुजा तोवर पुण्यात पोचली होती. अर्ज, ईमेल, फोन पुरे झाले. समोर बसून विचारायचं, असं तिनं ठरवलं. होनमाने आपणहून बरोबर आल्या. तुमची इमारत चार मजली. फाटक बंद, आवक-जावक खिडकी बंद, बाहेर एक पेटी. “अर्ज पेटीत टाकावेत.” दोघींनी फाटक वाजवलं. आत दिवे लागत होते: पहिल्या मजल्यावरचा कोपरा, मग जिना, मग दुसरा मजला. कोणीतरी फायली घेऊन फिरत असावं तसे. खाली कोणी आलं नाही.

“उद्या येऊ,” होनमाने म्हणाल्या.

मंगळवारी तेच. जिन्यातला दिवा थोडा उशिरा लागला. तिसऱ्या मजल्यावर कोणी उशिरापर्यंत बसलं असावं.

“उद्या परत,” होनमाने म्हणाल्या. “तीन संध्याकाळी बघावं लागतं. माझ्या पोरांनी शिकवलंय.” घरफोड्यांना त्या ‘माझी पोरं’ म्हणत.

बुधवारी दोघी समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. पावणेसात. पहिला मजला लागला. जिना. दुसरा. मग दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतला दिवा विझला आणि पॅसेजमधला तसाच राहिला. विसरला. चार मिनिटांनी कोणीतरी परत आल्यासारखा तोही विझला.

“हं,” होनमाने म्हणाल्या. “हे माणसाचं लक्षण. घड्याळ विसरत नाही.”

तनुजानं बोटांवर संध्याकाळी मोजल्या. “मॅडम, तीन संध्याकाळींतून एकदाच विसरायचं. सलग दोन दिवस कधी नाही. विसरलं तर तीन ते पाच मिनिटांत परत यायचं.” तिनं दुसऱ्या मजल्याकडं बोट केलं. “ही विसरण्याची रीत माझी आहे. मी लिहिलीय.”

होनमान्यांनी वळून इमारतीकडं बघितलं. उजळलेली, कामात गढलेली, चारही मजले जागे.

“आणि ती उत्तरं?” त्यांनी हळूच विचारलं. “सहा एक्कावन्न. सहा अठ्ठावन्न.”

“दिवेलागणीला,” तनुजा म्हणाली. “थोडी मागंपुढं. रोज. इथं आभास पत्रांना उत्तरं द्यायलाही शिकला असणार.”

सरकारी इमारतींनाही शहाणे दिवे लावा, हा तुमचाच निर्णय होता. चोरांना कार्यालय रिकामं दिसू नये म्हणून. ते कोणालाच रिकामं दिसत नाही. ना चोराला, ना अर्जदाराला.

तनुजा रस्ता ओलांडून फाटकाशी गेली, दोन्ही हातांनी गज धरले आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली: “आत कोणी आहे का?”

तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला.

दोघी वाट बघत उभ्या राहिल्या. खिडकीत कोणी आलं नाही. थोड्या वेळानं दिवा विझला आणि शेजारचा लागला.

तनुजानं फोन काढून मिरजेचा आकडा बघितला. रविवारी चाळीस होती. आता त्रेचाळीस.

तर आता उत्तर द्या. ही त्रेचाळीस घरं कुठली? त्यांतल्या कुठल्या न्हाणीत कोण पडलंय, कोणाच्या तोंडात भिजलेला पदर आहे, कोणाला सात वाजायची भीती वाटतेय? चावी तुमच्याकडं आहे. की तुमच्या घरातही कोणी नाही आणि आम्ही इतके दिवस एका रिकाम्या इमारतीला अर्ज लिहितोय? दिवे लागायची वेळ झाली आहे. आत कोण आहे, सांगा. दिव्यानं सांगू नका. माणसानं खाली या आणि तोंडानं सांगा.